बीरगांवच्या मिस्त्रीने बसवलेला टायर

उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये मी माल तपासायचं काम करतो. सळई सरळ आहे का, जाडी बरोबर आहे का, हे बघायचं आणि नापास माल बाजूला काढायचा. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कामात खोट काढण्याचा पगार घेतला की माणूस घरीही गप्प बसत नाही. मी पोळीचा गोलपणा तपासतो. एकदा बायको म्हणाली, "लग्नाच्या वेळी मले बी असंच पाहून घेतलं होतं का?" मी म्हणालो, तेव्हा मी नवखा होतो. त्या दिवशी माझं मीच वाढून घेतलं.

तर ही बायको सहा महिने माझ्या मोटरसायकलवर बसत नव्हती. त्याआधी रोज सकाळी तिला भनपुरीला तिच्या ऑफिसात सोडून मी पुढे उरल्याला जायचो. वीस मिनिटांचा रस्ता. ट्रकांच्या धुळीत तोंडाला ओढणी बांधून ती माझ्या कानाशी अखंड बोलायची. ऑफिसातली भांडणं, बहिणीची तब्येत, आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, कुणाच्या पोरीचं जमलं, सगळं मला त्या रस्त्यावरच कळायचं. मग एका सोमवारी वळणावर मागचं चाक तिरकं झालं आणि आम्ही दोघं आडवे. वेग नव्हता म्हणून थोडक्यात निभावलं. तिचं कोपर सोललं, माझी पँट फाटली. दुसऱ्या दिवसापासून ती ऑटोने जायला लागली. ती मागे नसताना तोच रस्ता मला संपता संपेना.

आता खरं सांगतो. मागचा टायर त्याआधीच्या शनिवारी बीरगांवच्या एका मिस्त्रीने बदलला होता, आणि चोख बदलला होता. रविवारी माझे हात शिवशिवले. चेन मला जराशी ढिली वाटली. अंगणात पाना घेऊन बसलो, चाकाचा नट सैल केला, चेन ताणली, आणि तेवढ्यात आतून भज्यांची हाक आली. भजी खाऊन मी आडवा झालो आणि नट आवळायचा तो राहिलाच. सोमवारी पडल्यावर मात्र मी गाडी ढकलत त्याच मिस्त्रीकडे नेली आणि गिऱ्हाइकांसमोर त्याला झाड झाड झाडलं. "ये कोई काम है? आदमी मर जाएगा!" त्याने चाक सरळ केलं, नट आवळला, बायकोला कोपर धुवायला पाणी दिलं. घरी गेल्यावर मला सगळं आठवलं, पण मी मूग गिळून बसलो. सळया नापास करणाऱ्याने स्वतःला नापास करायचं म्हणजे फार अवघड.

सहा महिन्यांनी पुढचा टायर गुळगुळीत झाला. मी मनात म्हटलं, हीच संधी. इतकं नमुनेदार काम करून घ्यायचं की हिची भीती जायलाच पाहिजे. तिला म्हणालो, "तू समोर उभी राहा. एकेक गोष्ट तपासून घेतो."

"चला," ती म्हणाली, "पण त्याच मिस्त्रीकडे."

तिथे तोंड दाखवायला मला नको वाटलं. तरी यादी लिहिली, बारा कलमांची, आणि दुकानात पोचल्याबरोबर त्याच्या हातात दिली. मिस्त्री पन्नाशीचा, शांत. त्याने यादी वरपासून खालपर्यंत वाचली, मान हलवून "हव" म्हणाला आणि ती हवेच्या मीटरखाली दाबून ठेवली.

मी बाणाकडे बोट दाखवायच्या आत त्याने टायरवरचा बाण चाक पुढे फिरतं त्या दिशेला करून घेतला. रिमला आतून गंज होता, तो घासून काढला. हे माझ्या यादीत नव्हतंच. कडेला साबणाचं पाणी लावून, लोखंडी पट्टीखाली फडकं धरून त्याने टायर चढवला. रिमवर एक ओरखडा नाही. हवा भरून चाक हळूहळू फिरवलं आणि टायरच्या कडेची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारखी दूर आहे का, ते वाकून पाहिलं. एका जागी ती किंचित आत गेली होती. मला ते दिसलंही नव्हतं. त्याने सगळी हवा सोडली आणि टायर पुन्हा बसवला. मग हवा मीटर लावून मोजली, अंगठ्याने दाबून नाही. शेवटी मला एकच खोट सापडली. मी विजयाने म्हणालो, "वॉल्व की टोपी?" त्याने डावी मूठ उघडली. टोपी तिथे होती. बायको फिस्सकन हसली.

चाक गाडीला लावून नट आवळल्यावर त्याने नेलपॉलिशची जुनी बाटली काढली आणि अर्धी नटावर, अर्धी चाकाच्या दांड्यावर अशी एक लाल रेघ ओढली.

"हे काय भैया?" बायकोने विचारलं.

"निशानी है दीदी. कोई नट घुमाएगा तो लाइन टूट जाएगी."

बायको सरळ मागच्या चाकापाशी जाऊन वाकली. तिथे दोन रेघा होत्या. एक अखंड. दुसरी फिकट, तिचा अर्धा भाग दांड्यावर आणि उरलेला नटाबरोबर भलतीकडे गेलेला.

"अन् इथं दोन काहून?"

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. "पुरानी है," एवढंच म्हणून तो हात धुवायला गेला. म्हणजे शनिवारची रेघ तुटलेली बघून त्याला त्या सोमवारीच कळलं होतं, आणि तरी त्याने माझं बोलणं ऐकून घेतलं होतं. मी मीटरखालची यादी काढून घेतली.

मागे कुणाला तरी बसवून एक चक्कर मारल्याशिवाय मिस्त्री गाडी ताब्यात देत नसे. मी पुढे झालो. बायको म्हणाली, "थांबा, मी बसते." आणि बसली. माझ्या मागे सहा महिने न बसलेली बाई त्या मिस्त्रीच्या मागे टुणकन बसली आणि ट्रकांच्या रांगेपलीकडे दिसेनाशी झाली. मी यादी हातात घेऊन उभा. मला त्याचा हेवा वाटला, आणि त्याहून जास्त माझी लाज वाटली. हिला टायरची भीती कधीच नव्हती.

ते परत आले तेव्हा दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती. त्या दिवशी ओरडलो होतो तेवढ्याच मोठ्याने मी म्हणालो, "भैया, उस दिन नट मैंने खोला था. आपका काम बराबर था."

"मालूम था साहब."

"फिर बोले क्यों नहीं?"

"दीदी को खून आ रहा था. झगड़ा करता तो आप लोग देर से घर जाते."

मी बायकोकडे पाहिलं.

"मले बी मालूम होतं," ती म्हणाली. "मी भजे तळून राहिली होती. खिडकीतून अंगण सारं दिसते."

"मग इतके दिवस बोलली काहून नाही?"

"मी काहून बोलू? तुमच्या तोंडून ऐकाचं होतं."

मी गाडी सुरू केली. ती अजून उभीच.

"पुढच्या वेळी पडलो तर दोष कोणावर टाकसान?"

"माझ्यावरच."

तिने ओढणी तोंडाला घट्ट बांधली, माझ्या खांद्यावर हात टेकला आणि मागे बसली. "मग चालवा," ती म्हणाली. "लय सांगाचं राहिलं आहे."