रिलीवर येईपर्यंत

एका मंगळवारी पोलादाच्या प्लांटमध्ये बाबा क्रेनची शिडी चढायला लागले आणि मध्येच खाली उतरले. मूठ बसत नाही, असं त्यांनी चार्जमनला, म्हणजे पाळीच्या मुकादमाला, सांगितलं. त्यानंतर ते क्रेनवर चढले नाहीत.

दीड वर्षात त्यांचे हात गेले, मग पाय, मग आवाज. नागपूरच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर मोटर न्यूरॉन डिसीज असं लिहून दिलं होतं. मी ते नाव लायब्ररीतल्या जाड इंग्रजी कोशात शोधलं. अर्धं पान मजकूर होता. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून बंद पडतात, बुद्धी शाबूत राहते, उपाय नाही. आईने विचारलं तेव्हा मी एवढंच म्हणाले, "वेळ लागेल म्हणतात."

त्याच उन्हाळ्यात मला रायपूरला बी.एड.ला जागा मिळाली. बाबांना माझं मास्तरीण होणं माझ्याहून जास्त हवं होतं. पण त्यांना एक क्षणही एकटं सोडता येत नव्हतं. घास अडकायचा. मान एका बाजूला कलली की श्वास लागायचा. आईला एकटीला त्यांना उचलणं जमत नव्हतं. मी जागा सोडायची ठरवली.

हे कुठून तरी खलाशी काकांच्या कानावर गेलं. प्लांटमध्ये खलाशी म्हणजे क्रेनच्या हुकाला माल बांधणारा माणूस. तो खाली उभा राहून हाताच्या इशाऱ्यांनी वर, खाली, थांब असं सांगतो आणि वर केबिनमध्ये बसलेला ऑपरेटर तसं करतो. काका वीस वर्षं बाबांच्या क्रेनखाली उभे होते. आमच्याच भंडाऱ्याकडचे.

"कावून नाही जाऊन राहिली तू?" दारातूनच त्यांनी विचारलं.

"बाबांजवळ कोण बसेल?"

"आमी मेलो का सारे?"

दुसऱ्या दिवशी ते प्लांटमधल्या आपल्याच शॉपच्या, म्हणजे विभागाच्या, तिघांना घेऊन आले. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला त्यांनी पाळ्या लिहिल्या. ज्याची बी, म्हणजे दुपारची शिफ्ट असेल त्याने सकाळी बसायचं, सकाळची ए शिफ्ट सुटलेल्याने दुपारनंतर, मधले दोन तास शेजारच्या काकूंनी. नियम प्लांटचाच. रिलीवर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, येऊन चार्ज घेईपर्यंत जागेवरून उठायचं नाही. चार्ज लिहायला एक वहीसुद्धा आली.

आई संकोचली. "भाऊजी, तुमच्या घरी काय म्हणतील?"

"काय म्हणते! बिड्या फुकत पडल्यापेक्षा तिकडं जाय म्हणते."

मग ते बाबांच्या खाटेजवळ बसले. "वीस वर्सं मी खालून सांगत होतो, हा वरून ऐकत होता. आता हा सांगन, मी ऐकीन." डोळे वर नेले की मान उचलायची, खाली नेले की ठेवायची. डावीकडे, उजवीकडे म्हणजे कूस. मिटले म्हणजे स्टॉप. बाबांना हे शिकवावं लागलं नाही.

पहिल्या दिवशी मी कॉलेजातून संध्याकाळच्या पॅसेंजरने आमच्या पावर हाउस स्टेशनवर उतरले आणि जवळजवळ पळतच घरी आले. काकूंनी आईला सकाळीच झोपायला आपल्याकडे नेलं होतं. कित्येक महिन्यांत ती दिवसा पहिल्यांदाच आडवी झाली होती. खाटेजवळच्या स्टुलावर घोटलेल्या वरणभाताची वाटी तशीच भरलेली होती, वर पापुद्रा धरलेली. मी वही उघडली. सकाळच्या माणसाने लिहिलं होतं: दोन चमचे, स्टॉप. खाली काकांचं अक्षर: एक चमचा, स्टॉप.

"घास तोंडात गेला का स्टॉप देते," काका म्हणाले. "मी काय करू? स्टॉप कोणीबी दिला तरी थांबावंच लागते. नाही थांबलं तर खाली माणूस मरते."

मी बाबांना एक चमचा भरवला. त्यांनी डोळे मिटले. सावकाश, सगळं लक्ष घशाशी लावून गिळलं, आणि डोळे उघडले. मी रोज भरवत होते, पण हे कधी पाहिलंच नव्हतं. माझं लक्ष नेहमी चमच्याकडे असायचं.

काकांनी भरलेली वाटी उचलून पाहिली. "दिवसभर उपाशी ठेवला मी माझ्या ऑपरेटरले!"

"मी उद्यापासून जात नाही," मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. पुन्हा माझ्याकडे, पुन्हा दाराकडे. तिसऱ्यांदाही तेच.

"तुले जाय म्हणते, बाई," काका म्हणाले. "आता त्याचा इशारा तूबी ऐकशील का नाही?"

त्या संध्याकाळी नियम बदलला. डोळे एकदा मिटले तर घास उतरतो आहे, थांबून पुढचा द्यायचा. दोनदा मिटले तरच स्टॉप. काकांनी ते वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं. वाटी गरम करून आणली. पाऊण तासात ती रिकामी झाली. सकाळी मी गाडी पकडली.

ते वर्ष असंच गेलं. दाढी काकाच करायचे. "साहेब, मिशी ठेवू का काढू? ठेवली तर सिनेमातला ठाकूर दिसशील." बाबा डोळ्यांनी हसायचे. काका त्यांना हिंदी पेपर वाचून दाखवायचे, अडखळत, बोट ठेवून, आणि बाजारभावसुद्धा सोडायचे नाहीत.

शेवटचा पेपर देऊन मी घरी आले तेव्हा दाराबाहेर खूप चपला होत्या. बाबांना खाली जमिनीवर ठेवलं होतं. आई भिंतीशी बसली होती, शेजारी काकू. उशाशी काका. त्यांची त्या आठवड्यात बी शिफ्ट होती, ते गेले नव्हते. दुपारपासून लोक त्यांना उठवत होते, थोडं पाणी घ्या म्हणत होते, पण ते हलले नाहीत.

मला पाहून ते उभे राहिले. वही त्यांच्या हातात होती, पण त्यांनी ती उघडली नाही.

"आठले चहा, सात चमचे. नवाले कूस बदलली. साडेधाले वाटी पुरी खाल्ली. मंग पेपर वाचून राहिलो होतो." त्यांनी बाबांकडे पाहिलं. "डोळे एकदाच मिटले, बाई. दोनदा नाही. म्हणून मी वाचतच राहिलो."

मी वही घेतली आणि त्यांच्या जागेवर बसले. तेव्हा ते बाहेर गेले आणि अंगणात पाणी प्यायले.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी शाळेत शिकवते. क्वार्टर प्लांटला परत गेला, आईही आता नाही. त्या चौघांपैकी काकाच इथे आहेत, जवळच्याच रिसाली वस्तीत मुलाकडे. त्यांना आता स्वतःहून उठता येत नाही. दर रविवारी दुपारी मी त्यांच्याजवळ बसते आणि पेपर वाचून दाखवते. सून बाजारातून परत येईपर्यंत मी उठत नाही.