म्हशीच्या तोंडात हात

जे डोळ्यांना दिसत नाही ते शिकवायचं म्हटलं की किस्से आपोआप साचत जातात. मी पशुवैद्यकीच्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र आणि संसर्गजन्य रोग शिकवते. आमचं कॉलेज नगर जिल्ह्यातलं, त्यामुळे बरीच मुलं गोठ्यात वाढलेली. त्यांना जनावराची भीती नाही, आणि तेच मला स्वस्थ बसू देत नाही.

*

पहिल्या प्रॅक्टिकलला मी प्रत्येकाला जंतू वाढवायच्या प्लेटवर बोट टेकवायला लावते. दोन दिवसांनी त्यावर जंतू उगवलेले दिसले की हात धुण्यावर वेगळं भाषण द्यावं लागत नाही. यंदा मुलांच्या आग्रहाखातर मीही बोट टेकवलं. सगळ्यांत भरगच्च प्लेट माझीच निघाली. वर्गात कुणी हसलं नाही. पुढच्या तासाला माझ्या टेबलावर नवा कोरा साबण ठेवलेला होता.

*

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पाथर्डीच्या गणेशला विचारलं, अँथ्रॅक्सने गाय मेल्याचा संशय आहे, पहिलं काय कराल? उत्तर सोपं होतं. गाय फाडायची नाही, नाहीतर जंतू मातीत पसरतात; चुना टाकून खोल पुरायची. गणेश बोटांवर काहीतरी मोजत होता. मी खुर्चीत चुळबुळायला लागले.

शेवटी तो म्हणाला, "सर, आदी गाईपाशी चार मानसं हुभी करायची. आपन खड्डा खनूस्तवर कुत्री फाडत्यात तिला."

परीक्षकांनी ते उत्तर स्वतःच्या वहीत लिहून घेतलं.

*

भाचीच्या लग्नाला संगमनेरला गेले होते. मांडवामागे बांधलेल्या वासराच्या मानेवर गजकर्णाचे गोल चट्टे होते, आणि लहान पोरं त्याच्या गळ्यात पडत होती. मी एकेकाला धरून नळावर नेलं. मंगलाष्टकं संपली तेव्हा माझ्या मुठीतल्या अक्षता भिजून गेल्या होत्या. बहीण अजून ऐकवते, अख्ख्या अल्बममध्ये मी एकाही फोटोत नाही.

*

आणि हा किस्सा केडगावच्या वैशालीचा.

रेबीजचा तास चालू होता. मी सांगत होते, म्हैस लाळ गाळते, ओरडते, गिळता येत नाही, म्हणून मालकाला वाटतं घशात काहीतरी अडकलंय. तो हात घालून बघतो. तेवढं कधी करू नका.

वैशाली उठली आणि न विचारता बाहेर गेली. मला राग आला. पाच मिनिटांनी ती दारात आली, फोन अजून कानाला तसाच.

"मॅडम, आमची म्हैस कालपासून लाळ गाळतेय. बाबांनी आत्ताच तिच्या तोंडात हात घातला. कोपरापर्यंत. हाताला ऊस तोडताना कापलेलं आहे."

मी तास तिथेच सोडला. फोनवर त्यांना साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं हात धुवायला सांगितलं. ते म्हणत होते, "अवो, तिला कुत्रं चावून दोन म्हैने झालं." रेबीज बाहेर पडायला साधारण तेवढाच काळ लागतो. वैशाली मिळेल त्या गाडीने घरी गेली आणि त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. त्याच दिवशी इंजेक्शनं सुरू झाली.

म्हैस तिसऱ्या दिवशी मेली. तपासणीत रेबीजच निघाला. पुढचे कितीतरी दिवस वैशाली वर्गात दिसली की मी आधी तिचा चेहरा बघायची. तिचे वडील ठणठणीत होते. सगळी इंजेक्शनं वेळेवर झाली होती. फक्त गल्लीतले लोक त्यांच्या हातचा चहा घेईनात.

निकालानंतर ते पेढे घेऊन विभागात आले. वैशाली पास झाली होती. व्हरांड्यात उभं राहून त्यांनी पुडा माझ्यापुढे धरला, डाव्या हाताने. उजवा हात खिशात होता.

मी पुडा घेतला, उघडला आणि त्यांच्यापुढे धरला.

"आधी तुम्ही घ्या," मी म्हणाले. "उजव्या हाताने."