सुटीतले हिरवे टिक

शाळेला सुटी लागली की किस्सेही सुटीवर जातील, असं आम्हा शिक्षकांना वाटायचं. छे! पोरं घरी गेली आणि किस्से मोबाइलवरून यायला लागले. शनवारा वस्तीतल्या आमच्या शाळेत चार जण चहाला बसलो की कोणीतरी म्हणतंच, "मॅडम, तो सुटीतला गणिताचा ग्रुप आठवतो?"

आठवतो तर! पाचवीतली काही पोरं गणितात अडकली होती. जूनमध्ये पुन्हा परीक्षा, आणि तीही गेली तर पुन्हा पाचवीच. सगळ्यांत जास्त काळजी वैष्णवीची. तिची जिवाभावाची मैत्रीण रुची सहावीला दुसऱ्या शाळेत चालली होती आणि हिला तिथेही तिच्याच शेजारी बसायचं होतं. वडील गोपाळभाऊ केळीचा ट्रक चालवतात. घरात फोन एकच. त्यात आम्ही गणिताचं ॲप टाकून दिलं. रोज प्रश्न सोडवायचे, बरोबर आला की हिरवा टिक. टिक आमच्याही फोनवर दिसायचा, त्यामुळे आम्ही निवांत!

*

"आधी शिक्षकांनी करून पाहिलं पाहिजे," म्हणत हेडसरांनी ॲप उघडलं. पाच प्रश्न सोडवले, तीन चुकले. ॲपमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "निराश मत होइए, फिर से कोशिश कीजिए!"

सरांनी फोन माझ्या हातात दिला. "इथे नेटवर्क कमी आहे."

*

नेपानगरच्या एका मुलाच्या नावावर सकाळपासून एकच बेरीज सुटत होती. दोन अधिक तीन, पाच. परत पाच. परत पाच! ॲप बिघडलं समजून मी फोन लावला, तर उचलला आजीने.

"मीच दाबते बाई. बरोबर आलं का ते शाबाश म्हणते."

"पण आजी, तेच तेच?"

"लगन होऊन आले तवापासून सयपाक करते मी. कोणी म्हटलं का मले एकदा तरी शाबाश?"

मी हसून फोन ठेवला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत नवऱ्याशी धड बोलले नाही, बिचाऱ्याचा काही दोष नसताना!

*

मग अपूर्णांक आले. ग्रुपवर मी लिहिलं, "पाव भाग म्हणजे किती, ते घरातली वस्तू घेऊन दाखवा. फोटो पाठवा."

कोणी पपई कापली, कोणी साबण. एका पठ्ठ्याने मावा जिलबी घेतली. आता त्या वेटोळ्याचे चार सारखे भाग कसे करायचे? बराच वेळ काही आलं नाही. शेवटी रिकाम्या बशीचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, "मॅडम, पूर्ण झालं."

वैष्णवीचा फोटो सगळ्यांत नेटका. खाटेवर ताट, ताटात रोटीचे चार सारखे तुकडे, एक बाजूला सरकवलेला. जाड, तंदूरमध्ये भाजलेली रोटी! आमच्या तापीकाठी कोणाच्या घरी तंदूर असतो? पण एकाच्याही डोक्यात आलं नाही. "आईच्या हाताला चव दिसते!" असं मीच लिहिलं, वर फुलंही टाकली.

*

परीक्षा जवळ आल्यावर पोरांना उजळणीला बोलावलं. वैष्णवी नवी रिबीन बांधून आली. तिचे टिक सगळे हिरवे, म्हणून पहिल्यांदा तिलाच फळ्यावर पाठवलं. अर्धा अधिक पाव किती?

खडू घेऊन ती नुसती उभी.

"अगं, कालच तर सोडवलंस!"

"ते पप्पांनी सोडवलं. फोन त्यांच्यासंगच दिल्लीला जाते ना." मग हळूच म्हणाली, "मॅडम, हे पप्पांना येते."

वर्ग हसला. मीही हसले, आणि मग लक्षात आलं. घरात फोन एकच म्हटल्यावर तो कोणाच्या खिशात असणार, हे आम्हा शिकल्यासवरल्यांपैकी कोणी विचारलं नव्हतं. तिचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत! सुटीत एखादी चक्कर टाकायला काय झालं होतं? उरलेले दिवस तिला घेऊन बसले. पोरगी जीव तोडून शिकली, पण तेवढ्यात काय होणार? फार वाईट वाटतं मला, अजूनही.

*

निकाल लागला. वैष्णवीचं गणित परत गेलं.

गोपाळभाऊ ट्रक उभा करून तसेच शाळेत आले. शर्टावर केळीच्या चिकाचे डाग. आता भांडणार, असं मला वाटलं. हेडसरांनी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत.

"साहेब, मले वाटलं, टिक नाही आला तर पोरीचं नाव कटते. म्हणून ढाब्यावर गाडी लावून सोडवत होतो. पहिले क्लीनरले विचारायचो. मग माझं मलेच येऊ लागलं."

"भाऊ, तुमचं काही चुकलं नाही. आम्हीच..." सर खुर्ची पुन्हा पुढे सरकवत म्हणाले.

"रुची सकाळी बोलवाले आली होती. वैष्णवी बाहेरच नाही निघाली." ते टेबलाजवळ आले. "मले विचारा ना साहेब. अर्धा आन पाव, पाऊण. विचारा अजून."

सरांनी निकालपत्रक मिटून ठेवलं.

"तिच्या जागी मीच शिकलो ना सगळं? मग तिच्या जागी मलेच बसवा पाचवीत. तिले जाऊ द्या."