नेलाचा कागद

नेलानं पेपरमिंटची गोळी कडकन चावली.

अकरा माणसांच्या चर्चमध्ये तो आवाज केवढ्यानं घुमला. गोळी चघळायची असते, चावायची नाही. प्रवचनाचे तीन मुद्दे, मुद्द्याला एक गोळी, जिभेवर ठेवायची आणि गप बसायचं. इथे तर अजून दुसराच मुद्दा चालू होता. कोर्नेलियाकाकूनं तिच्या मांडीत बोट खुपसलं.

"दात शिवशिवतायत का गं?"

"झोप येतेय."

"मग डोळे उघडे ठेवून झोप. आम्ही काय करतो?"

समोर चौथऱ्यावर काकूचा नवरा मारिनुस प्रवचन वाचत होता. नऊ वर्षं झाली, गावाला पाद्री नाही. समुद्राच्या बांधाखालच्या असल्या चर्चला येतंय कोण? म्हणून मारिनुसकाका दीडशे वर्षांपूर्वीची छापील प्रवचनं वाचतो. आयुष्य शिंपले निवडायच्या शेडमध्ये गेलेला माणूस. जड शब्द आला की होडी वाळूत रुतावी तसा रुततो. पण एक रविवार चुकवला नाही, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा.

नेला तेवीसची. सोळाव्या वर्षी शाळा सोडली तेव्हा सगळं गाव म्हणालं, वाया गेली. हाच काका म्हणाला, "हात चांगले आहेत पोरीचे," आणि शेडमध्ये आपल्या शेजारी उभी केली. काकाबद्दल कुणी वाकडं बोललं तर नेला अंगावर धावून जायची. आणि तीच गेले तीन रविवार संध्याकाळी ताप आल्याचं सांगून, सायकल हाणत शहरातल्या चर्चला जात होती. तिथे गिटार होती, लोक हसायचे. तिथेच प्रार्थना करताना तिला पहिल्यांदा वाटलं, पलीकडे कुणीतरी ऐकतंय. गेल्या रविवारी ती रात्री परतते न परतते तोच काकू आजारी पोरीसाठी सूप घेऊन आली. नेलानं मान खाली घालून सगळं संपवलं. चोरी करून वर जेवायला बसल्यासारखं वाटलं तिला.

आज प्रवचनानंतर काकाकडे कॉफी होती. नेलानं कप हातातही घेतला नाही.

"काका, मला कागद हवाय."

कागद एकच असतो. ही आमच्यातली, वागणूक चांगली, हिला तुमच्यात घ्या, असं दुसऱ्या चर्चला लिहून द्यायचं.

"गिटारवाल्यांकडे?"

"तुला कुणी सांगितलं?"

"ताप येतो दर रविवारी सहाला, आणि सोमवारी पहाटे पाचला तू शेडमध्ये बोंबलत असतेस. असला ताप मला पण हवा."

काकू खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दहा उरलो आपण."

"काकू, असं नको ना बोलू."

"मोजलं फक्त."

"काका, तू जाऊ नको म्हण. तू म्हणालास तर नाही जात मी. खरंच."

काकानं बिस्कीट कॉफीत बुडवलं. "ते माझ्या गळ्यात घालू नकोस. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर विचारावं लागतं. तेव्हा ज्याला म्हणायचं तो म्हणेल."

आठवडाभर नेलाला अन्न गोड लागलं नाही. रविवारी काका वर उभा राहिला आणि एकदाही न अडखळता म्हणाला, "आपली बहीण पीटरनेला मिनार्ड हिनं कागद मागितलाय. कुणाची रास्त हरकत असेल त्यानं उठावं."

कुणी उठेना. उठा ना कुणीतरी, असं नेलाच्या मनात चाललं होतं. कुणी उठलं असतं तर त्याच्यावर चिडता आलं असतं, आणि राहताही आलं असतं. काकू समोर बघत होती. मग नेलाच्या डोक्यात आलं, मी पण उठू शकते. तिनं बाक घट्ट धरला. काकानं चांगला वेळ दिला, नेहमीपेक्षा जास्तच. ती नाही उठली.

कागद घेऊन ती शहरातल्या चर्चमध्ये गेली, त्या पहिल्याच दिवशी पाद्र्यानं तिच्या हातात स्वयंपाकघराची किल्ली ठेवली. खुर्च्या मांड, कॉफी तू बघ. तिला वाटलं, इथे सगळ्यांनाच असं करतात.

दोन वर्षांनी पाद्री सहज बोलून गेला. ती कागद घेऊन यायच्या आधीच्या मंगळवारी एक म्हातारा, रविवारचा काळा कोट घालून, वाऱ्याविरुद्ध चौदा किलोमीटर सायकल मारत दारात आला होता. आत ये म्हटलं तर आला नाही. एवढंच म्हणाला, "आमची एक पोर येतेय तुमच्याकडे. तिला नुसती बसवू नका. काम द्या, नाहीतर परक्यासारखी कोपऱ्यात बसून राहील."