जिथं हात थांबतो

सांगलीच्या एका छापखान्यात पायगोंडाआण्णा शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. प्रकाशकाकडं जाण्याआधी नवे लेखक त्यांनाच वही दाखवत. आण्णा झोपेत असल्यासारखे दोन पानं जुळवत आणि ज्या ओळीवर हात थांबेल, तिथून पुस्तक सुरू करायला सांगत. बहुतेकांच्या वहीवर तो थांबतच नसे.

सेहेचाळीस साली फौजेतून सुटलेले रहिमतपूरचे लालासाहेब इटलीच्या लढाईची वही घेऊन आले. तोफा, रणगाडे, शौर्य. आण्णांचा हात सरसर चालला. मग ओळ आली : ‘मेलेल्या शत्रूच्या खिशात मूठभर गहू निघाला. मी तो घरी आणून पेरला.’

खिळा चिमटीतच राहिला.

“हितनं सुरू करा.”

“आवं आण्णा, ही ओळ तर मी खोडणार हुतो.”

“उगवला का?”

“लय झ्याक उगवला,” लालासाहेब हळू म्हणाले, “पर विळा लावायला हात उठंना.”