चिलीत नवतपा

तेलुगू मुलखातल्या आमच्या गावच्या शाळेत मराठी माध्यमाच्या वर्गाला मास्तर नव्हता. अर्ज केले, पत्रकं वाटली, कोणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी मीच शिकवायला उभा राहिलो. पगार नाही, हुद्दा नाही. मग जिल्ह्याहून, आदिलाबादहून हुकूम आला: साहेब तपासणी करतील, पोरं कच्ची निघाली तर वर्ग बंद, सगळ्यांना तेलुगूत बसवा. मास्तर द्यायचा नाही आणि वर परीक्षा घ्यायची!

साहेब आले ते जानेवारीत. पोरं कुडकुडत होती. त्यांनी भूगोलाचं पुस्तक उघडलं, धडा निघाला चिलीचा.

"वहाँ अभी कैसा मौसम है?"

पुढच्या रांगेतली पोरगी उठली. "आता तिथं नवतपा चालू हाय, सायब."

साहेबांना मराठी समजायचं, पण नवतपा कळेना. ती म्हणाली, "रोहिणी लागते ना, ते नऊ दिवसांचं ऊन."

रोहिणीचं ऊन तेलुगू माणसालाही ठाऊक, नक्षत्राला ते 'कार्ते' म्हणतात. साहेब हसले. "रोहिणी कार्ते? जनवरी में?" आणि त्यांनी पेन उघडलं.

माझं डोकं तापलं. पत्रकातली वाक्यं ओठांवर आली. पण चूक माझीच होती. आपल्या थंडीत तिकडं उन्हाळा, हे पोरांना पटेना, म्हणून मीच सांगितलं होतं, 'समजा, तिथं आता नवतपा.' चिलीसाठी रोहिणी मे सोडून जानेवारीत थोडीच येणार?

"गलती मेरी है," मी म्हणालो. कुठल्याच साहेबापुढं हे शब्द मी कधी उच्चारले नव्हते.

साहेब पोरीकडं वळले. "नक्षत्र छोड़ो. गर्मी क्यों है?"

"सूर्य आता त्यांच्या बाजूले झुकला हाय. म्हून ते उन्हात, आमी थंडीत."

"पूरे देश में गर्मी?"

"नाई जी. देश लांबच लांब हाय, शेताच्या धुऱ्यावानी. वरच्या टोकाले वाळवंट, थेंब पडत नाई. मधात द्राक्षं. खाली जंगल अन् पाऊस, आपल्या बेज्जूरच्या रानापेक्षा लई. पार शेवटाले बर्फ."

"अन् बाजूनं पहाड!" मागून एक पोरगा ओरडला.

"तू काऊन बोलून राह्यला? मले इचारलं ना!"

साहेबांनी लिहिलं, वर्ग चालू ठेवावा.

"आणि मास्तर?" मी विचारलं.

"वो ऊपर से आएगा."

मी दारात आडवा उभा राहिलो. त्याच कागदावर मास्तराची मागणी लिहून सही होईस्तोवर हललो नाही.