अंगठेबहाद्दर

आमच्या शाळेच्या ऑफिसात प्रिंटर दुरुस्त करायला जे काका यायचे, ते छापलेलं पान कधी वाचत नसत. पानावरून उजव्या हाताचा अंगठा जोरात फिरवायचे आणि मग अंगठ्याकडे बघायचे. अंगठा काळा झाला की पान कितीही सुबक दिसो, त्यांच्या लेखी नापास. "कच्चं हाय," म्हणायचे आणि बॅग उघडायचे. मी त्यांचं नाव अंगठेबहाद्दर ठेवलं. इंग्रजीतली जाडजूड पुस्तकं वाचून मशीन खोलणाऱ्या माणसाला हे नाव म्हणजे निव्वळ आगाऊपणा होता, पण त्यांनाच ते फार आवडलं. फोनवरसुद्धा सांगायचे, "ताई, अंगठेबहाद्दर बोलतो."

तेव्हा मी कोकणातून नालासोपाऱ्याला नवीनच आले होते, आणि शाळेत पहिला लेझर प्रिंटरही माझ्याच मागोमाग आला होता. आम्ही दोघंही बिचकलेले. छापलेली अक्षरं हाताला का लागतात हे मला कळेना. जवळच्या गास गावाहून आपल्या लुनावर आलेल्या काकांनी ते एका दमात समजावलं. "टोनर म्हणजे पीठ, ताई. कागदावर नुसतं भुरभुरलेलं. आत गरम रूळ हाय, त्याच्याखालून गेलं का भाजून चिकटतं. रूळ तापला नाय, कागद दमट असला, नायतर जाड असला, का पीठ पीठच राहनार."

पावसाळ्यात त्यांनी आमच्या कागदांच्या कपाटात चाळीसचा बल्ब लावून दिला, म्हणजे रिमांना दमटपणा धरणार नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "काय हो, अंडी उबवताय की काय?" काका गंभीरपणे म्हणाले, "सर, तुमच्या पोरांचे दाखले उबवतोय." त्या वर्षीपासून एकाही दाखल्यावरचं अक्षर हललं नाही.

"डोळ्यानं बघू नका, अंगठ्यानं बघा," हा त्यांचा मंत्र. हळूहळू आमच्या ऑफिसात 'बघणं' या शब्दाचा अर्थच बदलला. "बघितलं का?" असं कुणी विचारलं की अंगठा फिरवला का, असं समजायचं. कितीही घाई असली तरी मी अंगठा फिरवायची. संध्याकाळी घरी गेल्यावर माझ्या काळ्या अंगठ्याकडे बघून नवरा विचारायचा, "आज कुठे मतदान होतं?"

ही खोड त्यांना बायकोकडून लागली होती. मोनिकाबाय उन्हात केळी वाळवून सुकेळी करायच्या आणि प्रत्येक केळं अंगठ्यानं दाबून ठरवायच्या, झालं की अजून एक ऊन हवं. "तिचा अंगठा चुकत नाय," काका कौतुकानं सांगायचे. "मी तिच्याकडून शिकलो. कंपनीवाल्यांनी काय शिकवलं?" दर मे महिन्यात केळीच्या वाळक्या सोपटात बांधलेली सुकेळी ऑफिसात यायची. मोनिकाबायना मी एकदाच भेटले, पण त्यांच्या हाताची चव मला आजही आठवते.

त्या अचानक गेल्या. महिन्यानं चर्चमध्ये त्यांच्यासाठी व्हायच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, वाटायला काकांना छोटी कार्डं हवी होती. वर क्रूस, खाली नाव आणि एक ओळ प्रार्थनेची. मुख्याध्यापकांची परवानगी काढून ते सकाळी सकाळी जाड पांढरे कागद घेऊन आले. नेहमीसारखे मशीनजवळ उभे न राहता दाराशेजारच्या खुर्चीत बसले. वीज नुकतीच आली होती, मशीन धड तापलं नव्हतं, आणि दहावीच्या याद्या अकराच्या आत पाठवायच्या म्हणून माझी धांदल उडाली होती. मी भराभर साठ कार्डं काढली, कापली, पाकिटात घातली.

"ताई, बघितलं ना?" त्यांनी विचारलं.

"हो काका, बघितलं."

मी डोळ्यांनी बघितलं होतं.

मे महिना होता. चर्चमध्ये घामेजल्या हातांनी लोकांनी ती कार्डं धरली. प्रार्थना संपेपर्यंत माझ्या शेजारच्या म्हातारीची बोटं काळी झाली होती. तिनं ती लुगड्याला पुसली, तिथेही काळं उमटलं. मी हातातलं कार्ड पाहिलं. 'मोनिका'मधला 'मो' उरला होता, पुढे नुसता धूर. पहिल्या बाकावर काका आपल्या अंगठ्याकडे बघत होते. मग त्यांनी मूठ मिटली आणि खिशात घातली.

बाहेर आल्यावर मी काकांजवळ गेले. तेच म्हणाले, "कागद जाड होता, ताई. होतं असं." दमट कागदाचीसुद्धा सबब चालवून न घेणारा माणूस माझ्यासाठी सबब शोधत होता. ते मला फार लागलं.

आठवड्यानं मी नवी कार्डं छापली, प्रत्येक कार्ड गरम रुळाखालून दोनदा काढलं, प्रत्येकावर अंगठा फिरवला आणि गासला त्यांच्या घरी गेले. अंगणात केळी वाळवायची माचोळी रिकामी होती. मी म्हटलं, "काका, त्या दिवशी मी खोटं बोलले. मी बघितलं नव्हतं."

त्यांनी नवी कार्डं हातात घेतली. मग म्हणाले, "मला ठाऊक हाय. पन मी तरी कुठं बघितलं? पाकीट माझ्याच हातात होतं. तिच्या नावावरून अंगठा फिरवायला माझा हात नाय गेला."

पुढे ते मुलीकडे राहायला गेले, आणि दोन वर्षांनी तिकडेच वारल्याची बातमी आली. मुलीकडे जाण्याआधी एकदा येऊन त्यांनी न सांगता आमच्या मशीनचा रूळ बदलून दिला होता. आता ऑफिसात तिसरं मशीन आहे, नव्या मुलींना मी अंगठ्यानंच बघायला लावते, त्या हसतात. चर्चमधलं ते कार्ड मात्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्याच्यावर राहिलेला तेवढा 'मो' कच्चाच आहे, हे मला माहीत आहे. कधीतरी खण उघडला की मी ते फक्त डोळ्यांनी बघते.